चित्र नसलं तरी चालेल

तीच कॉमेंट पुन्हा पडद्यावर आली आणि सिहेम वैतागली. "महदियातल्या जुन्या लग्नांच्या कॅसेट कुणाकडे असतील तर पाठवा. चित्र नसलं तरी चालेल. मागाल ती किंमत देईन." खाली फोन नंबर. महदियाच्या जुन्या व्हिडिओंखाली, बंदराच्या, सणांच्या, कुणाच्या शाळेच्या, सगळीकडे हेच शब्द डकवलेले.

ट्यूनिसमधल्या एका व्हिडिओ साइटच्या ऑफिसात सिहेमचं कामच ते होतं. व्हिडिओंखालचा कचरा आणि फसवाफसवी ओळखायची, उडवायची. एकच मजकूर जागोजागी, फोन नंबर, पैशाचं आमिष. नियमाला एवढं पुरे होतं. त्यात लग्नाच्या कॅसेट! महदियाकडे लग्नात बायका आपापल्यात, डोकी उघडी टाकून मोकळ्या नाचतात. तसल्या कॅसेट मिळवून घरच्यांना धमकावणारी टोळी नुकतीच पकडली गेली होती. तिने कॉमेंट उडवल्या आणि खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी खातं परत उघडा, अशी त्या माणसाची विनंती आली. "मी जिलानी. लग्नांचं शूटिंग करायचो. बायकांचं चित्र पुसून पाठवा. मला फक्त आवाज हवाय."

धमकावणारा चित्र पुसायला कशाला सांगेल? आणि महदिया तर तिचं स्वतःचं गाव. नियमात बसत नव्हतं, तरी जेवणाच्या सुट्टीत तिने खाली रस्त्यावर येऊन तो नंबर लावला. आपण कोण ते सांगितलं.

"आवाज कुणाचा हवाय, काका?"

"मन्नूबियाचा. माझी बायको. हिवाळ्यात गेली."

मग म्हातारा बोलतच राहिला. उन्हाळा आला की रोज कुठे ना कुठे लग्न. पुरुषांच्या कानामागे मोगऱ्याचे गुच्छ, तळलेल्या माशांचा वास, दरबुक्याचा ठेका. तो कॅमेरा धरायचा, मन्नूबिया शेजारी मोठा दिवा घेऊन उभी. बायकांच्या खोलीत तीच आधी शिरायची आणि ओरडायची, "डोकी झाका गं, माझा नवरा येतोय!" सगळ्या हसायच्या.

"अख्खं गाव टिपलं, पोरी. तिला तेवढं नाही. दिवा धरणारं माणूस चित्रात कुठून येणार? पण बडबड तर आली असेल ना? माझ्याकडच्या कॅसेटना बुरशी लागली."

सिहेम म्हणाली, "काका, ती कॉमेंट मला परत लावता येणार नाही. नियम बरोबर आहे. खरंच फसवतात लोक."

"मग मी विचारू कुणाला?"

"मला विचारा."

तिने लगेच आईला फोन केला.

"जिलानी?" आई ओरडलीच. "अगं, आमचं लग्न त्यानेच तर घेतलं! त्याच्या बायकोने त्या दिव्याने मला नुसतं भाजून काढलं होतं!"

त्या लग्नाची कॅसेट भावाने मागेच फोनवर उतरवून दिली होती. दर ईदला घरात ती लागायची. सुरुवातीला मात्र पडद्यावर नुसता पांढरा झोत. डोळे दिपायचे. कॅसेट तिथे खराब आहे म्हणून तेवढा भाग सगळे पुढे ढकलायचे. आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता.

रविवारी सिहेम गावी गेली. आईला घेऊन जिलानीच्या दारात उभी राहिली. म्हातारा दोघींना आत बसवून चहा ठेवायला उठला, तर आईने त्याला हाताला धरून खाली बसवलं. सिहेमने फोन त्याच्या हातात दिला आणि व्हिडिओ अगदी पहिल्यापासून लावला.

पडदा पांढराफटक झाला. आणि त्या उजेडामागून एका तरुण बाईचा हसरा, रागावलेला आवाज आला.

"जिलानी, पुन्हा मलाच घेतोयस? अरे, नवरीला घे!"