धनाजीच्या दारातला हॉर्न

"हॉर्न आपोआप वाजतो का हा गेन्या वाजवतो, येवढंच सांग," धनाजी म्हनला.

गोरख मिस्त्री हातातला चहा खाली ठेवून उठला. उत्रोली फाट्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज. सकाळचे आठ वाजले असतील. म्होरं गेनूतात्याची जुनी फटफटी उभी. दोनी अंगांना दुधाच्या किटल्या भरलेल्याच लटकत व्हत्या. भोरच्या डेअरीत त्या सातलाच पोचायच्या. गाडीच्या मागं गेनूतात्या, अन् त्याच्या दोनी दंडांना धनाजीचे दोन गडी. तात्याची टोपी कुठं पडली व्हती कुनाला ठावं.

धनाजी ग्रामपंचायतीला चार मतांनी पडला त्याला महिना बी झाला नव्हता. निकालाच्या दिवशी जिंकलेल्या पार्टीनं त्याच्या दारात गाड्या उभ्या करून तासभर हॉर्न वाजवले व्हते. तवापासनं धनाजी घरात कुनाशी धड बोलत नव्हता. अन् नेमका त्याच्याच दारात रस्ता डावीकडं वळतो. गेले आठ दिस रोज सहाच्या ठोक्याला गेनूतात्या दूध घिऊन तिथं वळायचा, अन् वळला का हॉर्न. लांबलचक, बोंब मारल्यावानी.

"आपोआप वाजतोय रं तो," गेनूतात्या म्हनला. "हँडल डावीकडं वळलं का वाजतो. म्या बटनाला बोट लावत न्हाई. अन् माझं मत तुलाच पडलंय धनाजी. पोराची आन."

"समदेच म्हनत्यात. समद्यांनी दिलं आसतं तर म्या पडलो कसा?"

गडी हसले. धनाजी न्हाई हसला. त्यानं गोरखच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मात्र मऊ, जनू आजारी मानसाची इचारपूस चाललीया.

"तू मिस्त्री. तू म्हनशील ते खरं. ह्यानं दाबून वाजवला आसंल तर ज्या अंगठ्यानं वाजवला तो अंगठा म्या शाबूत ठेवत न्हाई. आपोआप वाजत आसंल तर ह्याला सोडला. मंग गाडीत तसली करामत करून दिली कुनी, त्याचं नाव सांग. त्याचा अंगठा."

गेनूतात्याच्या जिवात जीव आला. "बघ गोरख. तुझ्याच हाताखालनं गेलीया ती."

गोरख गाडीपाशी बसला. चावी फिरवली. टाकीखालनं हात घालून हँडलच्या मानंपाशी चाचपलं, अन् त्याचं बोट जागच्या जागी थांबलं.

धा-बारा दिसांमागं तात्याची हेडलाईट त्यानंच बसवली व्हती. गिऱ्हाइकं खोळंबली व्हती, म्हनून समद्या वायरी गोळा करून लोखंडाला आवळून बांधल्या अन् दिली गाडी. आता त्यातलीच हॉर्नची वायर घासून उघडी पडली व्हती. हँडल डावीकडं गेलं का उघडी तार लोखंडाला टेकायची अन् बटन न दाबताच हॉर्न वाजायचा. येवढंच. बोटभर टेप गुंडाळली का काम खलास.

त्यानं वर बघितलं. धनाजी बघतच व्हता.

गोरखनं ती तार बोटानं उचलून लोखंडापासनं लांब धरली, अन् दुसऱ्या हातानं हँडल डावीकडं वळवलं. गाडी गप. उजवीकडं वळवलं. गप. परत डावीकडं, पार शेवटापत्तूर. गप. मंग त्यानं बटन दाबलं. हॉर्न आसा वाजला का फाट्यावर एस्टीची वाट बघनाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"हॉर्न ठीक हाय," गोरख म्हनला. "दाबल्याबिगर वाजत न्हाई."

गेनूतात्या हसला. त्याला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. "आरं, नीट वळव की."

गोरखनं नीट वळवलं. कायबी वाजलं न्हाई.

तात्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याची नजर टाकीखाली गेलेल्या हातावर आली अन् तिथंच ऱ्हायली.

"गोरख," तो म्हनला, "तो हात भाईर काढ. मंग वळव."

"तात्या, वायरी धरूनच बघाव्या लागत्यात. तुमी म्हशी बघा, म्या गाडी बघतो."

गडी पोट धरून हसले. ह्या डावाला धनाजी बी हसला. गोरखला बरं वाटलं, घाम वाळल्यावानी.

मंग गडबड काय झाली न्हाई. गड्यांनी गेनूतात्याला गॅरेजात आनलं. मिस्त्रीच्या कामाच्या टेबलावर लोखंडी पाट व्हता, त्याच्यावर त्याचा डावा हात पालथा दाबला. रोज धा म्हशी पिळनारा हात. अंगठा कसा जाडजूड, वाकडा. तात्यानं झटापट केली न्हाई. धनाजीकडं बघितलं न्हाई. गोरखकडं बी न्हाई.

"किटल्या तेवढ्या कुनीतरी भोरला पोचवा," तो म्हनला. "उन्हात दूध नासतं."

कुनी वळूनसुदीक बघितलं न्हाई.

धनाजीनं मनगटावरलं घड्याळ काढून खिशात टाकलं. बाह्या वर सारल्या. अन् मान न वळवता हात मागं केला.

"गोरख, पाना दे येक."

भिताडावर फळी व्हती. लहान-मोठे पाने वळीनं टांगलेले. गोरखचा हात वर गेला, पहिल्या पान्यापाशी थबकला, दुसऱ्यापाशी गेला.

"कितीचा देऊ?" त्यानं इचारलं.