आईची साखर

पिलसुनबाईंनी दुकानातच मुलाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पाच-सहा वेळा खसाखसा चोळला, रक्त अंगठ्यात उतरवलं, अंगठ्याला काळा दोरा करकचून बांधला आणि नखाच्या मुळाशी सुई टोचली. कोरियात अन्न अडकलं की घरोघरी असंच करायचं. त्यांच्या आईनंही हेच केलं होतं. छत्तीस वर्षांचा, दाराएवढा रुंद थेग्योम सुई पाहून लहान पोरासारखा कळवळला. सकाळपासून तो दोनदा ओकला होता, आणि रविवारी शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती.

थेंब टपोरा आला. रक्त काळपट निघालं तर अन्न अडकलंय म्हणायचं, पण बाईंना रंग बघायचं भान राहिलं नाही. मधुमेहापायी सात वर्षं रोज सकाळी स्वतःचं बोट टोचून साखर बघणारा बाईंचा हात. शेजारी पडलेल्या यंत्राची पट्टी त्या हातानं सवयीनं मुलाच्या थेंबाला लावली. आकडा आला, दोनशे चौऱ्याऐंशी.

यंत्र बिघडलं असेल म्हणून बाईंनी नवी सुई घेऊन स्वतःचं बोट टोचलं. एकशे आठ. यंत्र ठणठणीत होतं.

"सकाळपासून तुझ्या पोटात भाताचं शीत टिकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग एवढी साखर आली कुठून?"

थेग्योमनं थोडी टाळाटाळ केली, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? शेवटी सगळं बाहेर आलं. तीन महिने तो ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घेत होता. कुप्या थंड ठेवाव्या लागतात, म्हणून दुकानातल्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांच्या, फ्रिजमध्ये, मुळ्याच्या डब्यामागे लपवल्या होत्या. त्या सुईनं अंग भरतं, पण साखर चढते. ती उतरवायला व्यायामशाळेतले बरेच जण मधुमेहाची गोळी घेतात, मेटफॉर्मिन. गोळीनं पोट बिघडतं, शिवाय सुईनं कमावलेलं थोडंफार ती परत नेते असंही काही जण म्हणतात. तरी घेतात, आणि तोही घेत होता.

"म्हणजे एकीनं आग लावायची आणि दुसरीनं पाणी मारायचं," बाई म्हणाल्या. "आणि घर कुणाचं जळतंय?"

गोळ्या कुठून आणल्या, हे त्याला विचारावंच लागलं नाही.

"तुझ्या बाटलीतून घेतल्या," तो म्हणाला. "दोन महिने झाले. तुला कळू नये म्हणून तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरून ठेवल्या. सगळ्याच बदलल्या, आई."

बाईंचा हात उठला आणि त्याच्या पाठीत दणका बसला. दुसराही बसला असता, पण हात वरच राहिला. दोन महिने औषध पोटात नाही, आणि तरी एकशे आठ? त्यांनी मनात हिशोब लावला. वसंतात याच पोरानं दुकानाचा कट्टा धरायला लावून त्यांना दहा बैठका मारायला शिकवलं होतं. दहाच्या वीस झाल्या, आता रोज साठ होत होत्या. गोडधोडही बंद होतं. बाईंना हसू फुटलं, आणि आवरेना.

"गाढवा, मग माझी साखर उतरवली कुणी?"

थेग्योमनं वर पाहिलं. आईला असं हसताना त्यानं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. तो उठला, मुळ्याच्या डब्यामागून चार कुप्या काढल्या आणि एकेक फोडून मोरीत ओतल्या. रविवारी उतरणार नाही म्हणाला, आणि म्हणता म्हणता रडला. बारा वर्षं त्या एका मंचासाठी घातली होती. बाईंनी त्याला रडू दिलं. मग बूट घाल म्हणाल्या. आधी दवाखाना, आणि डॉक्टरांना दोघांचंही सगळं खरं सांगायचं. माझ्या गोळ्या हव्यात की नकोत, तेही तेच सांगतील.

बूट घालताहेत तोच कोपऱ्यावरची खाणावळवाली वीस किलो किमचीचं पिंप न्यायला आली. थेग्योम सवयीनं वाकला, पण पिंप जागचं हललं नाही. बाईंनी त्याला हलकेच बाजूला सारलं, पाय फाकवले, पाठ ताठ केली, आणि बसून पिंप छातीशी घेतलं.

"गुडघे बाहेर," थेग्योम भिंतीला टेकून म्हणाला. "आता टाचेवर जोर."

बाई उठल्या. सरळ, एका दमात.

"अहो थेग्योमच्या आई," खाणावळवाली म्हणाली, "घरात पैलवान असताना पिंप तुम्ही का उचललंत?"

"पैलवानानंच उचललंय," बाई म्हणाल्या, आणि पिंप घेऊन तिच्या गाडीकडे चालू लागल्या.