शांती लाभो, पण लांबूनच

रविवारी इंग्लंडमधल्या एली कॅथेड्रलच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चच्या, दारात पाहुण्यांचं स्वागत करायचं काम आता माझ्याकडे आहे, आणि मी ते एकदम झकास करते! म्हातारे मिस्टर पेनफोल्ड दर रविवारी लांबच्या खेड्यातून बसने येतात. ते ना खिडक्यांच्या रंगीत काचा बघतात, ना आमच्याबरोबर गातात. पण प्रार्थनेच्या मधेच सगळे ‘शांती लाभो’ म्हणत आजूबाजूच्यांशी हात मिळवतात ना, तेव्हा मात्र ते रांगांमधून फिरत एकेकाचा हात धरतात.

आज मी त्यांना दारातच सांगून टाकलं, “सर्दीची साथ आहे, त्यामुळे हात मिळवायचा नाही हं! लांबूनच मान हलवायची.”

“आज अजिबातच नाही?”

“अजिबात नाही! तुम्ही तर आख्ख्या गावाला सर्दी वाटत फिराल.”

मला वाटलं, हसतील. त्यांनी हातमोजा काढून हात माझ्यापुढे धरला.

“मला कुणाची सर्दी लागणार, पोरी? गेल्या रविवारी इथून घरी गेलो, त्यानंतर थेट आज तुझ्याशीच बोलतोय.”