ग्रीस फिओर्ड ते रेझोल्यूट

"विमानाला वारा समोरून आहे," रेडिओ खाली ठेवत विमानतळ सांभाळणारा पौलुसी म्हणाला. "दीड तासाचे दोन होणार."

उत्तर ध्रुवाकडच्या रेझोल्यूट गावात, विमानतळावरच्या लहानशा खोलीत एलिसापीने मनाशी हिशेब केला. विमान निघालं ते ग्रीस फिओर्ड चारशे किलोमीटरच्या आसपास. बाहेर धुकं. धावपट्टी दिसली नाही, तर विमान घिरट्या घालणार आणि परतीपुरतं इंधन उरलं की मागे फिरणार. पुढचं विमान चार दिवसांनी.

आईकडे चार दिवस नव्हते. नर्सने ते कालच सांगितलं होतं, आईच्या समोरच.

रिपिका, तिची आई, कॅरिबू हरणाच्या कातड्यात गुरफटून बाकावर बसली होती. घरी थांबायला तिने साफ नकार दिला होता. पांढऱ्या केसांच्या वेण्या लेकीकडून दोनदा घालून घेतल्या होत्या.

"काय हे काकू, नवऱ्यासाठी एवढा नट्टापट्टा?" पौलुसी म्हणाला. "तुलुगाक ओळखेल तरी का तुला?"

"मी त्यांना ओळखीन. तेवढं पुरे."

"फोनवर बोलला म्हणे काल?"

"बोलतात कसले! ओरडले. भूक लागली असणार. भुकेपुढे ते कधी कुणाचं ऐकत नाहीत."

पौलुसी खो खो हसला. एलिसापीही हसली, पण तिचे डोळे खिडकीवर होते. दोन हिवाळे आईने बाबांना पाहिलं नव्हतं. एकट्याने प्रवास त्यांना जमण्यासारखा नव्हता, म्हणून भाची नीवी त्यांना घेऊन येत होती.

हेच अंतर बाबांनी एकदा कुत्र्यांच्या गाडीने कापलं होतं, गोठलेल्या समुद्रावरून, आईला मागणी घालायला. तेव्हाही असंच धुकं. वारा बर्फावर रेघा पाडतो. त्या पायाने चाचपत त्यांनी दिशा धरली आणि थेट आईच्या तंबूसमोर येऊन थांबले. एलिसापी हवामान केंद्रात रोज फुगा सोडून वारा मोजायची. तिच्याकडे सगळी यंत्रं होती, तरी त्या प्रवासाचं नवल तिला अजून संपलं नव्हतं.

डोक्यावर घरघर झाली आणि दूर गेली.

"दिसत नाहीये त्याला," पौलुसी हळूच म्हणाला.

घरघर पुन्हा आली, पुन्हा गेली. आईने एलिसापीचा हात घट्ट धरला.

"वाऱ्याला वेळ दे," ती म्हणाली.

आणि ज्या वाऱ्याने विमानाला उशीर केला होता, त्यानेच धुक्याला भगदाड पाडलं. धावपट्टीचा तुकडा उघडा पडला. वैमानिकाने क्षणही दवडला नाही. विमान तिरकं होत त्या फटीतून खाली आलं आणि खडीवर धडधडत थांबलं.

"शाब्बास!" पौलुसी ओरडला.

दारातून नीवी उतरली, जपून, एकेक पायरी. आत येताच ती आईकडे पाठ करून वाकली. एलिसापीने तिच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या झोळीत हात घातला आणि अलगद उचलून आईच्या मांडीवर दिलं.

"आलात?" आई म्हणाली. "किती वाट पाहायला लावलीत!"

दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फाखाली गेलेल्या तुलुगाकचं नाव नीवीच्या बाळाला दिलं होतं, आणि त्यांच्या लोकांत नावाबरोबर माणूसच परत येतो. तीन आठवड्यांचे बाबा जांभई देत तिच्याकडे पाहत होते.