झुंबरबाईंचे गुडघे

"नुसतं तेल अंगाले लावाचं नाही," झुंबरबाई खाटेवरून म्हणाल्या. "पळीभर तिळाच्या तेलात चारच थेंब. तोंडात जाऊ द्याचं नाही. वैद्यांनी बजावून सांगतलं."

कोकिळेने बाटलीचं बूच काढलं. आत जिरेनियमचं तेल होतं. त्यांच्याच गावच्या, पिंपळगाव राजाच्या, भगवंतराव वैद्यांनी ते खामगावच्या अत्तरवाल्याकडून मागवलं होतं. गुलाबासारखा, पण जरा हिरवट वास घरभर पसरला.

"आधी तुह्या कोपराच्या आतून लावून पाह्य. उद्यापर्यंत आग नाही झाली, तं मंग."

"गुडघे तुमचे आत्याबाई, अन् माह्या हाताले काऊन?"

"माही कातडी म्हशीची झाली. तिले काय कळते?" सासूने तिचा हात उलटून पाहिला. "हाताले चीर-बीर नाही ना? अन् दिवस तं नाही गेले? चोळणारीनंही जपा लागते."

"नाही," कोकिळा म्हणाली आणि तिला भडभडून आलं.

श्रावणात तिची चार महिन्यांची पोर तापाने गेली होती. तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. केसांना तेल नाही, अन्नावर वासना नाही. नवऱ्याने, शालिग्रामने, वैद्यांच्या पुड्या आणल्या, त्या तिने चुलीत टाकल्या. पोर मातीत आणि आई औषध घेऊन सुखाने झोपते, हे तिला पाप वाटायचं.

घर तिला खायला उठायचं. तिचा भाऊ कडूबा मेहकरहून न्यायला आला, तेव्हा तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की जायचं आणि परत यायचं नाही. नेमके त्याच दिवशी झुंबरबाईंचे गुडघे धरले. सासूला खाटेवर टाकून गेलं तर लोक तोंडात शेण घालतील. "बऱ्या झाल्या की येतो," ती म्हणाली. कडूबा एकटाच एस.टी.त बसला.

गुडघेही मोठे शिस्तीचे. ती दिवसभर वावरात कापूस वेचायला गेली की गुमान राहत. दिवेलागणीला, पोरीला पाजायच्या वेळेला, बरोबर ठणकू लागत. मग कोकिळा तेल कोमट करून बसायची आणि हळूहळू चोळायची.

त्या वासात झुंबरबाई बोलत राहायच्या, तेही नातीबद्दल. घरात दुसरं कोणी तिचं नाव काढत नव्हतं. "झोपेत ओठ हालवाची पाह्य," त्या एकदा म्हणाल्या. कोकिळेचे डोळे वाहू लागले. पुसायला तिने हात उचलला.

"हात नको, तेल हाये," सासूने तिचं मनगट धरलं आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. त्या दिवशी कोकिळा पोटभर रडली.

पुढे एकदा तिला जाग आली ती कोंबडा आरवून गेल्यावर. चूल पेटलेली होती. शालिग्रामने पेटवली असेल, असं तिला वाटलं.

दिवाळी झाली. कडूबाचा निरोप आला, सोमवारी येतो. जायचं म्हटलं तर आता कोकिळेचं पाऊल निघत नव्हतं, पण भावाला दुसऱ्यांदा माघारी कसं धाडायचं? गुडघे तेवढे बरे झाले पाहिजेत. वावरातून परतताना ती बाटली घेऊन वैद्यांच्या ओट्यावर गेली.

"बावा, थेंब वाढवू का? चाराचे आठ?"

"अजिबात नाही," भगवंतराव म्हणाले. "जास्त झालं का कातडी पोळते, डोकं उठते. थोडक्यातच गुण हाये त्याचा."

"पण महिना झाला, आत्याबाईच्या गुडघ्यायचं दुखणं काही हटत नाही. खाटेवरून उठवत नाही त्यायले."

वैद्यांनी चष्मा काढला.

"कायचे गुडघे, बाई? तू वावरात गेली का झुंबरबाई रोज इथं चालत येते, रात्री तुले झोप लागली का नाही ते सांगाले."