पाहुण्यांपुरता घास

खांद्याच्या नसेला सूज आली आणि ग्रंथपाल बाईंचा उजवा हात लुळा पडला. आधी जीव नकोसा करणाऱ्या कळा, मग सात महिने भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम. नवरा तिला भरवायचा. भेटायला आलेल्यांसमोर, घास फुंकून, मधेच तिचे ओठ पुसून. "नशीब काढलंस गं!" म्हणत आत्या, माम्या डोळ्यांना पदर लावायच्या. त्या गेल्या की ताट तिच्यापुढे सरकवून तो फोन घेऊन बसायचा आणि ती डाव्या हातानं सांडत-लवंडत जेवायची. त्याची बोटं ओठांना लागली की तिला शिसारी यायची.

रविवारी जेवताना तिचा उजवा हात थरथरत तोंडापर्यंत पोचला. तिला रडूच फुटलं. "अहो, बघा! हात आला!"

त्याचा चेहरा पडला.

"आजच? अगं, आत्ता ऑफिसातली माणसं येतील. आमच्या मासिकात माझ्यावर लेख येतोय, भरवतानाचा फोटो हवाय त्यांना. तेवढा वेळ हात खाली ठेव ना. उद्यापासून जेव की तुझी तू."



बेल वाजली. तो घाईघाईनं हात धुवायला आत गेला. ती उठली, दारापाशी गेली. कळ थेट मस्तकात गेली, पण दाराची वरची कडी तिनं उजव्या हातानंच काढली.