सर्जेरावाचे मडगार्ड

"पुढचे दोन्ही मडगार्ड रुंद करून पायजेत," सर्जेराव गाडीत बसूनच म्हणाला. "चाकं बघ कशी भाईर आलीत. खडी उडून थेट तोंडावर येती."

नथानिएल मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. दौंडला स्टेशनजवळ त्याचे पत्र्याचे दुकान होते. अर्धे आयुष्य रेल्वेच्या डब्यांचा पत्रा ठोकण्यात गेलेले. शिरूरपर्यंत असा दुसरा हात नाही, हे सर्जेरावालाही ठाऊक होते.

गाडी दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकवून पळणारी. पुण्याच्या शर्यतीसाठी तिला जाडजूड टायर चढवलेले. शिरूरकडच्या बड्या बागायतदाराचा हा एकुलता एक. त्याच्या हौसेला कोण नाही म्हणणार!

आजूबाजूचे दुकानदार मात्र काम टाकून बघत राहिले. कारण याच गाडीखाली नथानिएलचा मुलगा प्रभुदास गेला होता. शिरूरच्या मिशन शाळेत सुतारकाम शिकवणारा पोरगा, सायकलवरून आपला कडेकडेने चाललेला. कोर्टात सर्जेरावाने सांगितले, सायकलवालाच मध्ये आला, वर माझा दिवा फोडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण बोंबा खपल्या आणि हा सुटला.

आता मिस्त्री हातोडा याच्या डोक्यात घालतो की काय, असे बघणाऱ्यांना वाटले. नथानिएल वाकला, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "करून देतो."

"मागचं काय मनात न्हाई ना, मिस्त्री?"

"कामात मागचं कशाला?"

सर्जेराव हसला. त्याच्या लेखी विषय तिथे संपला. अशा माणसांना झोपही चांगली लागते.

संध्याकाळी मार्थाने नवऱ्यापुढे ताट ठेवले आणि तिथेच बसली.

"खरंच घेतलंत त्याचं काम?"

"घेतलं."

"म्हंजी माफ केलंत?"

"तुला काय वाटतं?"

मार्थाने डोळ्यांना पदर लावला. पोरगा गेल्यापासून ती नवऱ्याजवळ हेच मागत होती. तो प्रार्थनेला डोळे मिटत नव्हता, जेवताना बोलत नव्हता, शिरूरला पोराच्या कबरीकडे फिरकत नव्हता. पोरगा तर गेलाच. हा राग आता नवऱ्यालाही गिळणार, या भीतीने बिचारी वाळून गेली होती.

"मला अजून न्हाई जमत," ती म्हणाली. "त्या गाडीचा आवाज आला तरी अंग कापतं. पण तुम्हाला जमलं, म्हंजी देवानं ऐकलं."

नथानिएलने भाकरी मोडली. मीठ कमी आहे, एवढेच म्हणाला. कितीतरी दिवसांनी जेवताना त्याच्या तोंडून शब्द निघाला होता, म्हणून मार्था त्यावरही खूश झाली.

काम मात्र त्याने जीव ओतून केले. पुठ्ठ्यावर माप काढले. जुने मडगार्ड मधोमध चिरले, त्यात नवा पत्रा घालून जोडला आणि वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून असा गोल केला की जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये. सर्जेराव येऊन बघायचा आणि खूश होऊन जायचा. नथानिएल त्याला बारीकसारीक विचारायचा.

"न्हावऱ्याच्या अलीकडं मोठं वळण हाय. तिथं वेग किती ठेवता?"

"तिथं? ब्रेकवर पाय बी ठेवत न्हाई मी."

"वळणावर गाडी कलती, चाक वर येतं. तसं माप धरावं लागतं. गाडीत एकटेच असता ना?"

"एकटाच. शर्यतीच्या गाडीत गर्दी कशाला?"

"कवाच कुणी बसत न्हाई?"

"आईला बी बसवत न्हाई रं!"

नथानिएलने मान हलवली आणि पुन्हा मडगार्डाखाली शिरला.

रविवारी देवळात पाळकसाहेबांनी क्षमेवर प्रवचन केले आणि सगळ्यांदेखत नथानिएलकडे पाहून मान झुकवली. बाहेर माणसे त्याचा हात हातात घेत होती. गावाचे काय, कालपर्यंत हीच माणसे त्याला नेभळट म्हणत होती. मार्था मात्र ताठ मानेने चालली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. सर्जेरावाने बाजारातून एक हळू फेरी मारून पाहिली. "कुठं लागत न्हाई, घासत न्हाई! हात हाय तुझा, मिस्त्री!" तो ओरडला, आणि धूळ उडवत शिरूरकडे निघाला.

धूळ खाली बसेपर्यंत नथानिएल रस्त्यावर उभा राहिला. मग त्याने शांतपणे दुकान बंद केले. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली होती.

घराला कुलूप होते. शेजारची हेलन किल्ली घेऊन आली.

"मार्था शिरूरला गेली, कबर धुवायला. मोगरा बी नेलाय. मीच तिला एसटीच्या थांब्यावर सोडाया गेले होते."

"एसटी मिळाली?"

"एसटी कशाला? सर्जेरावाची गाडी आली. तिनंच हात केला की."

"त्याच्या गाडीत? तो कुणाला बसवत न्हाई," नथानिएल म्हणाला.

"तो आधी न्हाई म्हणत होता. हिनं हात जोडले. मी म्हटलं, अगं, त्या गाडीत बसतीस? तर म्हणाली, ह्यांनी येवढं केलं, आता मला बी जमलं पायजे. त्यालाच कबरीवर नेते, म्हणाली. त्यानं बी दोन फुलं वाहूदेत. थरथर कापत होती, पण बसली बघा."

नथानिएल किल्ली न घेताच वळला आणि अनवाणी शिरूरच्या रस्त्याने धावत सुटला. माणूस भरून आला असेल, असे वाटून हेलनने डोळे पुसले. गाडी केव्हाच दूर गेली होती. आणि न्हावऱ्याच्या वळणावर भर वेगात टायर चिरला जावा म्हणून मडगार्डाची आतली कड त्याने दुमडली नव्हती, कानशीने घासून तिला सुरीसारखी धार लावली होती.